सावंतवाडीची गंजिफा : भिंतीवर लावायला नाही, खेळायला घ्या

माझ्या कपाटात गंजिफांचे, म्हणजे जुन्या पद्धतीच्या गोल, चित्रांच्या पत्त्यांचे, दोन संच आहेत. पहिला मी तीन वर्षांपूर्वी शहरातल्या एका हस्तकला प्रदर्शनात घेतला. स्टॉलवरचा मुलगा शपथेवर सांगत होता, “मावशी, एकेक पान हातानं रंगवलेलं आहे.” घरी येऊन मी दिव्याखाली पानं मांडली आणि मत्स्याची पंजी हातात घेतली. पाच मासे. पाचही माशांच्या शेपटीत एकाच जागी, केसाएवढी, रंग न लागलेली फट. छक्की काढली. सहा मासे, सहाही शेपट्यांत तीच फट. कोणीतरी एकदाच एक मासा रंगवला होता आणि बाकीचे सगळे यंत्रातून निघाले होते. छापील पानं विकण्याला माझी काहीच हरकत नाही. छापील म्हणून विकावीत, छापलेल्याच भावात विकावीत. हातची म्हणून हातच्या भावात गळ्यात मारली, याचा राग मला अजून येतो. ज्यांनी मला फसवलं, त्यांनी माझ्यापेक्षा जास्त नुकसान कोणाचं केलं असेल, तर सावंतवाडीत मान मोडून बसलेल्या कलाकारांचं.

दुसरा संच सावंतवाडीच्या राजवाड्यातून स्वतः जाऊन आणलेला. दशावतारी, १२० पानांचा. हे सगळं लिहितेय ते त्याच्याबद्दल. तो घेऊन मला आता दीड वर्ष झालं आणि या दीड वर्षात तो आम्ही भरपूर खेळलो. म्हणून मला वाटतं, त्याच्याबद्दल बोलायचा अधिकार मला आहे.

माझं माहेर सावंतवाडीचं, उभ्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर. लग्नानंतर डोंबिवलीत आले ती इथलीच झाले. माहेरी आता फक्त आते आहे, वय ८८. तिच्याकडे एक कुंकवाचा जुना करंडा आहे आणि त्यात कापसात गुंडाळलेली सात गोल पानं. माझे पणजोबा संस्थानच्या कचेरीत कारकून होते. संध्याकाळी ओसरीवर त्यांचा गंजिफांचा डाव बसायचा आणि पोरांना त्या चादरीच्या कडेला पायसुद्धा लावायची परवानगी नव्हती. त्या अख्ख्या संचातली ही सात पानं उरली. लहानपणी आते ती आम्हाला दाखवायची, पण हातात देत नसे. एकाची कड उंदरानं कुरतडलेली, दोघांची लाख पापुद्र्यासारखी उडालेली. परशुरामाची तिर्री मात्र धडधाकट. लाल जमिनीवर तीन परशू आणि त्यांच्या पात्यांवर पांढऱ्या रंगाची एकेक बारीक रेघ, धार दाखवणारी. ती रेघ मला आठवत राहिली होती, म्हणून तर प्रदर्शनात गंजिफा दिसल्यावर मी धावले.

छापील संच पाहून आते म्हणाली, “ह्या पानात जीव नाय गो.” मग मी ठरवलं की जिथं करतात तिथूनच घ्यायचा.

दादरहून मध्यरात्री सुटणारी तुतारी एक्सप्रेस पकडली की थेट सावंतवाडी रोडला उतरता येतं. स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षा करावी लागते. गावात शिरताना मोती तलाव लागतो. तलावाच्या एका काठाला राजवाडा, मागे नरेंद्र डोंगर. जांभ्या दगडाचा लालसर वाडा, पुढं मोकळं आवार, झाडं. भव्य बिव्य काही नाही. बडोदा नाहीतर ग्वाल्हेर पाहून आलेल्या माणसाला हा वाडा लहानच वाटेल. मला तो लहानपणापासून आमच्याच आळीतल्या मोठ्या घरासारखा वाटत आला आहे.

आत दरबाराचं दालन आहे. जिथं एकेकाळी मानकरी हुद्द्याप्रमाणे बसायचे, तिथं आता कलाकार बैठ्या मेजांशी बसून गंजिफा रंगवतात आणि तुम्ही त्यांच्या शेजारी उभं राहून ते पाहू शकता. मी त्या दिवशी जवळजवळ दोन तास एका मुलीच्या मागे उभी होते. तिच्यापुढे कूर्माची नव्वी होती. जमीन रंगवून वाळलेली. तिनं नऊ कासवांच्या पाठी आधी नुसत्या ठिपक्यांसारख्या मांडल्या, तीन तीनच्या ओळीत, डोळ्याच्या अंदाजानं. मग एकेकाला चार पाय, मग मान, मग शेपटीचं टोक. नऊही झाल्यावर कुंचला धुतला, दुसरा घेतला, चारसहा केसांचा असेल, आणि पाठीवरची जाळी काढायला लागली. प्रत्येक रेघेआधी श्वास आत घ्यायचा, रेघ ओढताना धरून ठेवायचा, मग सोडायचा. तिच्या खांद्यांची वरखाली पाहून मला ते कळलं. सातव्या कासवाची मान बाकीच्यांपेक्षा जरा उजवीकडे वळली. तिनं पान लांब धरून पाहिलं आणि ते तसंच राहू दिलं.

मी घेतलेला संच तिचा नव्हे, आधीच तयार असलेला होता. पण घरी आल्यावर मी त्यातली कूर्माची नव्वी पहिल्यांदा काढून पाहिली. नऊ कासवं, नऊ तऱ्हेच्या माना.

आता ही गंजिफा सावंतवाडीत कशी आली, ते सांगायला हवं. पान नुसतं सुंदर आहे म्हणून मी हे लिहीत नाही. त्या गावाचा सगळा इतिहास मला या पानात दिसतो.

आज सावंतवाडी तालुक्याचं गाव आहे. जिल्हा सिंधुदुर्ग, तोही १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा काढलेला, आणि जिल्ह्याच्या कचेऱ्या ओरोसला. बाहेरून येणारा माणूस आंबोलीला जाताना नाहीतर गोव्याला जाताना इथं चहापुरता थांबतो. पण १९४८ पर्यंत ही राजधानी होती. सावंत भोसल्यांचं राज्य, जुन्या कागदांत आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी सुंदरवाडी. शेवटच्या काळात संस्थानचा मुलूख सुमारे ९२५ चौरस मैल होता, म्हणजे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याला थोडा कमी. नऊ तोफांची सलामी. एका बाजूला पोर्तुगीज, एका बाजूला कोल्हापूरकर, वरून पेशवे आणि शेवटी इंग्रज. एवढ्यांच्या मध्ये एवढंसं राज्य टिकवायचं म्हणजे काय कसरत असेल! पेडणे, डिचोली, सत्तरी हे आज गोव्यात असलेले तालुके सावंतवाडीकडे होते. १७८०च्या दशकात ते एकेक करून पोर्तुगीजांकडे गेले. आमच्याकडच्या कितीतरी घरांची कुळदैवतं आणि सोयरीक आजही तेरेखोल नदीच्या पलीकडे आहे, त्याचं मूळ तिथं आहे.

त्या वेळी गादीवर होते तिसरे खेमसावंत. १७५५ ते १८०३, जवळजवळ अर्धशतक. राजबहादूर हा किताब त्यांच्याच वेळी दिल्लीच्या बादशहाकडून मिळाला. आताचा राजवाडाही त्यांच्याच काळातला. आणि गंजिफाही त्यांच्याच दरबारात आली, असं सावंतवाडीत सांगतात. धर्मशास्त्राच्या चर्चेसाठी तेलंगणातून विद्वान ब्राह्मण आले होते, त्यांनी सोबत हा खेळ आणला. राजाला तो आवडला. त्यानं गावातल्या चितारी मंडळींना बोलावून अशीच पानं करायला सांगितली. चितारी लाखेचं काम करणारे. लाकडी पाट, पाळणे, देव्हारे, खेळण्यातली फळं रंगवणं हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. सावंतवाडीची लाकडी खेळणी ज्यांच्या घरात आहेत, त्यांना तो चकचकीत लाल आणि पिवळा रंग डोळ्यांपुढे आणता येईल. चितारआळी ही त्यांचीच. तोच हात गंजिफेवर फिरला.

खेळ त्याच्या कितीतरी आधीचा. बाबरानं सिंधच्या शहा हसनला गंजिफा भेट पाठवल्याची नोंद १५२७ सालची आहे, आणि अकबराच्या दरबारातल्या गंजिफांचं वर्णन अबुल फजलनं लिहून ठेवलं आहे. मोगली गंजिफेत आठ रंग, म्हणजे आपल्या पत्त्यांत बदाम-इस्पीक असतात तसे गट, आणि ९६ पानं. त्यात तलवारी, मोहरा, गुलाम, मुकुट. हिंदुस्थानात ठिकठिकाणी तिचे निरनिराळे अवतार झाले आणि एक तर खरोखरीच अवतारांचा झाला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. दहा बारे १२०. राजा म्हणजे स्वतः तो अवतार, सिंहासनावर. प्रधान घोड्यावर. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू, रामाला बाण, कल्कीला तलवार. नवग्रहांचीही गंजिफा असते, नऊ रंगांची, १०८ पानांची. पण पहिल्यांदा घेणाऱ्यानं दशावतारीच घ्यावी. आपल्याकडच्या माणसाला अवतार पाठ असतात, रंग लक्षात ठेवायला वेगळे कष्ट पडत नाहीत. त्यातून आम्ही दशावतारी नाटकाच्या मुलखातली माणसं. मत्स्य, कूर्म, वराह ही नावं आमच्याकडे पोरांना जत्रेत जागून माहीत होतात.

पुढं १८३८ला इंग्रजांनी संस्थानचा कारभार स्वतःच्या हातात घेतला. १९२४ साली पूर्ण अधिकार मिळालेले बापूसाहेब महाराज, म्हणजे पाचवे खेमसावंत, हे सावंतवाडीचं खरं दैवत. गांधीजींनी त्यांच्या कारभाराला रामराज्य म्हटल्याचं आजही घरोघरी सांगतात. १९३७ साली, चाळिशीच्या आसपासच ते गेले. आते त्यांच्या निधनाच्या सालात जन्मलेली. “महाराज गेले नि तू इलंय” असं तिची आजी तिला म्हणायची. गावातल्या कॉलेजला त्यांचंच नाव आहे, श्री पंचम खेमराज महाविद्यालय.

त्यांचे चिरंजीव शिवरामराजे यांच्या काळात संस्थान विलीन झालं. कचेरी गेली, मानकरी गेले, पणजोबांची नोकरी गेली. गंजिफा खेळणारेही हळूहळू गेले. इंग्रजी पत्ते बाजारात दोन आण्यांना मिळायला लागल्यावर हातानं रंगवलेली १२० पानं कोण घेणार! चितारआळीत तर गंजिफा करू शकणारं माणूस शोधावं लागेल, अशी वेळ आली.

इथं शिवरामराजे आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांचं ऋण मानावं लागतं. सत्त्वशीलादेवी बडोद्याच्या गायकवाडांच्या घरातल्या. या दोघांनी एका वयोवृद्ध चिताऱ्याला गाठलं, त्याच्याकडून ही कला समजून घेतली, स्वतः शिकले, गावातल्या मुलामुलींना शिकवलं आणि १९७१ साली राजवाड्यातच लाखकामाचा कारखाना काढला. त्याच वर्षी घटनादुरुस्ती होऊन देशभरच्या राजेरजवाड्यांचे तनखे बंद झाले. उत्पन्न आटत असताना या दोघांनी दरबाराचं दालन कारागिरांना दिलं. राणीसाहेब स्वतः हातात कुंचला घेऊन बसत, हे आमच्या गावातल्या पुष्कळांनी पाहिलं आहे. २०१८ साली त्या गेल्या. काम चालू आहे, मी स्वतः उभी राहून पाहिलं, आणि म्हणूनच मला वाटतं की आपण तिथल्या कलाकारांकडून घ्यावं.

आता वस्तूबद्दल.

पेटी लाकडी, सरकत्या झाकणाची. चारी बाजूंनी रंगवलेली. झाकणावर वेलबुट्टी. झाकण सरकवताना लाखेचा जो एक वास येतो, तो मला एकदम माहेरी नेतो. लहानपणच्या लाकडी केळ्याआंब्यांना हाच वास होता. पानं गोल, हाताच्या तळव्यात आरामात बसणारी. पाठीमागून सगळी एका रंगाची, कोणतीही खूण नसलेली, असायलाच हवी तशी. जुन्या काळी कापड नाहीतर कागदाचे थर चिकटवून, त्यावर चिंचोक्यांची खळ चढवून, घोटून, मग रंगवून वर लाख देत. आतेच्या सात पानांपैकी उंदरानं खाल्लेल्या पानाची कड पाहिली की ते थर अजून मोजता येतात. नव्या पानाला जुन्याएवढा जाडपणा नाही, पण बोटाला लागणारा गुळगुळीतपणा तोच. मी डोळे मिटून दोन्ही चाचपून पाहिली.

चित्रकामात मला सगळ्यात आवडले ते घोडे. दहा प्रधान, दहा घोडे. एकाची मान ताठ, एकाचा पुढचा पाय उचललेला, एक नुसता उभा, कंटाळलेला. राजांच्या पानांत तपशील जास्त, साहजिकच. नरसिंहाच्या आयाळीचे केस मोजता येतात. पण खरी परीक्षा साध्या पानांत असते. परशुरामाची तिर्री मी सगळ्यात आधी शोधली. तीन परशू होते आणि तिन्हींच्या पात्यांवर धार दाखवणारी ती पांढरी बारीक रेघ होती. पणजोबांच्या पानावर आणि या पानावर, मध्ये शंभरएक वर्षं, एकच रेघ, त्याच जागी. शिकवणाऱ्यानं शिकवली, शिकणाऱ्यानं सोडली नाही. मला त्या क्षणी दिलेले सगळे पैसे फिटले.

किंमत स्वस्त नाही. काम किती बारीक आणि पानं किती, यावर ती ठरते, तिथं गेल्यावर विचारा. छापील पत्त्यांशी तुलना करायला जाऊ नका. एक माणूस १२० गोल कागद एकामागून एक रंगवतो, हे डोळ्यांपुढे आणा आणि मग भाव ऐका. ज्यांना एवढा खर्च जमत नाही, त्यांनी एखादं सुटं राजाचं पान घेऊन भिंतीवर लावावं, असं पूर्वी मी म्हणाले असते. आता म्हणणार नाही. दोन घरांनी मिळून एक संच घ्यावा आणि खेळावा.

कारण गंजिफा घेणाऱ्या ओळखीच्या दहा माणसांपैकी नऊ जणांनी ती चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगली आहे. आतेला हे सांगितलं तेव्हा ती चिडलीच. “ती टांगूक नाय हां, खेळूक होयी!” आणि मग तिनं मला, माझ्या मुलीला आणि नातवाला खेळ शिकवला. लहानपणी चादरीच्या कडेला बसून जे पाहिलं, ते तिला ऐंशी वर्षांनंतर आठवत होतं.

तीन जणांनी खेळायचं, प्रत्येकाला चाळीस पानं. आपल्या पत्त्यांसारखं पिसणं विसरून जा, गोल पानं पिसता येत नाहीत. जमिनीवर स्वच्छ चादर अंथरायची, सगळी पानं त्यावर उपडी पसरायची आणि हातानं घोळायची, तांदूळ निवडताना घोळतो तशी. मग चार-चार वाटायची. चाळीस गोल पानं एका हातात धरणं हे पहिले चार दिवस अशक्य वाटतं. आते ती डाव्या तळव्यावर रचते आणि अंगठ्यानं सरकवत जाते. नातवाला ते दोन दिवसांत जमलं, मला महिना लागला.

दिवसा डाव असेल तर ज्याच्याकडे राम, त्यानं सुरुवात करायची. दिवे लागल्यावर ज्याच्याकडे कृष्ण, त्यानं. ‘हुकूम’ हा शब्द आहे, पण आपल्या ओळखीच्या अर्थानं नाही. अमुक एक रंग हुकमाचा, असं इथं नसतं. त्या घटकेला एखाद्या रंगातलं जे सगळ्यात मोठं पान खेळात शिल्लक असेल, ते हुकूम. राजा गेला की प्रधान हुकूम, प्रधान गेला की पुढचं. पुढचं म्हणजे कोणतं, इथं गंमत आहे. पाच अवतारांत दश्शी मोठी आणि उतरत एक्का सगळ्यात लहान. उरलेल्या पाचांत उलट, एक्का मोठा आणि दश्शी सगळ्यात लहान. म्हणजे दहा रंगांत काय काय पडलं ते डोक्यात ठेवायचं, आणि तेही दोन उलटसुलट दिशांनी. माझ्या हातातली सत्ती आता हुकूम झाली की नाही, हे ज्याला आठवतं तो जिंकतो. हात जास्त कोणाचे, एवढाच हिशेब.

८८ वर्षांची आते आम्हाला तिघांनाही आलटूनपालटून हरवते. वराहाची अठ्ठी केव्हा पडली, कोणी टाकली, टाकताना त्याचा चेहरा कसा होता, सगळं तिच्या ध्यानात असतं. डोळ्यांना तिच्या कमी दिसतं. संध्याकाळच्या अपुऱ्या उजेडात पंजी की छक्की, हे तिला ओळखू येत नाही, म्हणून आम्ही तिच्या डोक्यावर चांगला मोठा दिवा लावतो. घरात वयस्कर माणसं असतील, तर हे आधी ध्यानात घ्या. पानांवर आकडा लिहिलेला नसतो, चित्रं मोजावी लागतात.

जपण्याबद्दल थोडं. हात कोरडे करून बसा, चहाभजी दुसऱ्या खोलीत. पावसाळ्यात डोंबिवलीच्या दमट हवेत मी पेटी खिडकीपासून दूर, कपाटात, सुती कापडात ठेवते. खेळ झाला की पानं मोजूनच पेटीत. नातू मोजतो, अवतारांची नावं घेत, आणि अशानं त्याला ती पाठ झाली. दीड वर्षात एकही पान हरवलेलं नाही. सगळ्यात जास्त हाताळल्या गेलेल्या पानांच्या कडा किंचित मऊ झाल्या आहेत. रंग जिथल्या तिथं आहे.

कोणी घ्यावी? ज्यांच्या घरात तीन माणसं दोन तास एकत्र बसू शकतात, त्यांनी. लग्नात, मुंजीत नुसती भेट म्हणून द्यायची असेल, तर सोबत खेळायचे नियम एका कागदावर लिहून द्या, नाहीतर ती टांगली जाईल. शक्य असेल तर स्वतः सावंतवाडीला जा आणि जाताना एखादा तास तलावाकाठी बसायला ठेवा. चितारआळीतून एक चक्कर मारा. आणि प्रदर्शनातून, नाहीतर मोबाईलवरून घेणार असाल, तर एका रंगाची दोन पानं शेजारी ठेवून मासे तपासा.

गेल्या मे महिन्यात आम्ही सगळे सावंतवाडीला होतो. दुपारी चारला चादर अंथरली. पहिल्या डावात राम माझ्या मुलीकडे आला, तिनं सुरुवात केली. दुसरा डाव संपेपर्यंत अंगणातल्या माडांच्या सावल्या ओसरीवर आल्या होत्या. आतेनं मला देवघरातला करंडा आणायला सांगितला. कापूस बाजूला करून तिनं परशुरामाची जुनी तिर्री काढली, नव्या संचातली तिर्री उचलून करंड्यात ठेवली आणि जुनी चादरीवर बाकीच्या पानांत सोडली. “आज ती पण खेळांदे,” म्हणाली. मी पानं घोळली. वाटून झाली तेव्हा नातवानं ओसरीवरचा दिवा लावला. आतेनं आपली चाळीस पानं तळव्यावर रचली, अंगठ्यानं सरकवत गेली, थांबली, आणि कृष्णाचा राजा चादरीच्या मधोमध ठेवला.